रुबिडियम प्रमाणाला जीपीएसचे वळण लावताना कालस्थिरांक किती ठेवावा?

प्रश्न : घटिका

नमस्कार.

जुन्या मोबाइल मनोऱ्याच्या यंत्रणेतून काढलेले एक रुबिडियम वारंवारता प्रमाण, म्हणजे रुबिडियमच्या अणूंच्या आधारे स्थिर वारंवारता देणारे घड्याळ, माझ्याकडे आहे. ते १० मेगाहर्ट्झचा साइन तरंग देते, आणि त्याच्या सी-फील्डला, म्हणजे रुबिडियमच्या कोषाभोवती निर्माण केलेल्या लहानशा चुंबकीय क्षेत्राला, बाहेरून ० ते ५ व्होल्ट देऊन वारंवारता किंचित खालीवर करता येते. पुढे आकडे लिहिताना दहाचे उणे घात टाळून मी ‘लाख कोटीत इतके भाग’ असे लिहितो. १० मेगाहर्ट्झमध्ये एका हर्ट्झच्या लाखाव्या हिश्शाची चूक झाली, तर ती लाख कोटीत एक भाग होते. नुसते ‘भाग’ म्हटले तरी हाच अर्थ घ्यावा.

या प्रमाणाला उपग्रहांच्या वेळेशी बांधून ठेवण्यासाठी मी पुढीलप्रमाणे जोडणी केली आहे. छपरावरील अँटेनाला एलईए-६टी हा वेळेसाठी बनवलेला, एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारा रिसीव्हर जोडला असून तो दर सेकंदाला एक पल्स देतो. रुबिडियमच्या १० मेगाहर्ट्झला एक कोटीने भागून दुसरा सेकंदाचा पल्स मिळवला आहे. या दोन पल्समधील अंतर टीडीसी७२०० ही चिप मोजते, मायक्रोकंट्रोलर त्यावरून दुरुस्ती काढतो आणि १६ बिटांचा डॅक, म्हणजे संख्येचे व्होल्टेज करणारी चिप, ती सी-फील्डकडे पोहोचवतो. नियंत्रणात एक समानुपाती आणि एक बेरीज करत जाणारा असे नेहमीचे दोन भाग आहेत. कालस्थिरांक, म्हणजे दिसलेली चूक साधारण किती काळात दुरुस्त करायची ते माप, ३०० सेकंद ठेवला आहे, कारण याआधी क्वार्ट्झच्या तापनियंत्रित ऑसिलेटरसाठी मी हेच मूल्य वापरले होते आणि तेथे ते उत्तम चालले होते.

मोजणी आणि दुरुस्तीचे हे चक्र, म्हणजे लूप, जोडून चालू केल्यापासून फेजचा, म्हणजे दोन पल्समधील अंतराचा, आलेख कित्येक आठवडे अधिक-उणे १५ नॅनोसेकंदांच्या पट्ट्यात अगदी सपाट राहिला, त्यामुळे मी समाधानी होतो. मात्र गेल्या महिन्यात एका मित्राकडून त्याच प्रकारचे दुसरे रुबिडियम प्रमाण मिळाले. ते मोकळे चालू ठेवून मी दोन्ही १० मेगाहर्ट्झची थेट तुलना केली. शंभर सेकंदांच्या सरासरीनेही दोहोंतील फरक दर पाच-दहा मिनिटांत २० ते ३० भागांनी हेलकावे घेताना दिसला. डॅक आहे त्या मूल्यावर गोठवला की हे हेलकावे ताबडतोब थांबतात आणि रेषा तासन्‌तास सरळ जाते.

याचा अर्थ मी एक चांगले घड्याळ बिघडवले आहे असा मला लावावा लागतो. कालस्थिरांक किती ठेवावा? तो काही तासांचा केला तर खोलीच्या तापमानामुळे होणारा बदल आणि प्रमाणाचा स्वतःचा ड्रिफ्ट, म्हणजे वारंवारतेचे हळूहळू एकाच दिशेला सरकणे, दुरुस्त व्हायचे राहून जातील का? आणि लूप नीट चालला आहे हे ओळखायचे तरी कशावरून?

उत्तर : दीर्घतरंग

तुमचे निरीक्षण बरोबर आहे आणि तुम्ही लावलेला अर्थही बरोबर आहे. ते दुसरे प्रमाण आणून तुलना केलीत हे फार चांगले झाले, कारण ज्या आलेखावर तुम्ही समाधान मानत होता तो आलेख या बाबतीत काहीच सांगू शकत नाही. लूपच्या आत मोजलेला फेजचा फरक म्हणजे रुबिडियम जीपीएसच्या पल्समागे किती निष्ठेने जाते याचे माप. पल्स स्वतः १० नॅनोसेकंदांनी भरकटला आणि लूपने रुबिडियमलाही त्याच्यामागे ओढले, तर आलेख सपाटच दिसेल. म्हणून लूप जितका घट्ट तितका आलेख सुंदर आणि आउटपुट तितकेच वाईट, अशी स्थिती येते. मी स्वतः या आलेखावर बराच काळ विसंबून होतो, म्हणून हे इतके आग्रहाने लिहितो.

आता आकडे पाहू. तुमच्या रिसीव्हरचा पल्स साधारण १० नॅनोसेकंदांनी इकडेतिकडे होतो असे धरू. एका सेकंदाच्या मोजणीत ही अनिश्चितता १०,००० भागांची झाली. १,००० सेकंदांत ती १० भागांवर येते, १०,००० सेकंदांत एका भागावर, आणि पूर्ण दिवसात सुमारे ०.१ भागावर यायला हवी, जरी प्रत्यक्षात आयनोस्फिअरमुळे, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरामुळे, ती तितकी खाली येत नाही. रुबिडियमचे वागणे याच्या उलट आहे. एका सेकंदाला ते १० ते ३० भागांइतके स्थिर असते, १०० सेकंदांना १ ते ३ भाग, आणि काही हजार सेकंदांपर्यंत काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात सुधारत जाऊन साधारण ०.२ किंवा ०.३ भागाशी थांबते. त्यानंतर ड्रिफ्ट वर येतो. महिन्याला ५० भाग हा अशा प्रमाणांचा नेहमीचा हिशेब धरला तर दिवसाला सुमारे १.७ भाग होतात. हे दोन्ही ॲलन डेव्हिएशनचे, म्हणजे किती काळाच्या सरासरीला किती अस्थिरता उरते याचे, आलेख एकाच कागदावर काढले तर ते २५,००० ते ३०,००० सेकंदांच्या आसपास, म्हणजे सात-आठ तासांवर, एकमेकांना छेदतात. त्या बिंदूच्या अलीकडे रुबिडियम जीपीएसपेक्षा चांगले आहे आणि पलीकडे जीपीएस रुबिडियमपेक्षा. लूपचा कालस्थिरांक या छेदबिंदूच्या जवळपास असावा, एवढेच काय ते सूत्र आहे. क्वार्ट्झचा आलेख खूप आधी वर वळतो, त्याचा छेदबिंदू काहीशे ते हजार सेकंदांवर येतो, म्हणून तुमचे ३०० सेकंद तेथे योग्य होते आणि येथे नाहीत.

तुमचे २० ते ३० भागांचे हेलकावेही हिशेबाने जुळतात. क्रांतिक अवमंदन, म्हणजे लूप न झुलता लवकरात लवकर स्थिरावेल अशी मांडणी, धरले तर समानुपाती गुणांक दोन भागिले कालस्थिरांक इतका येतो. कालस्थिरांक ३०० सेकंद असताना १० नॅनोसेकंदांची फेज-चूक दिसली की लूप वारंवारता तब्बल ६७ भागांनी हलवतो. ही चूक दर सेकंदाला नवी आणि यादृच्छिक असेल तर तिची बरीचशी सरासरी होऊन जाते, पण जीपीएसच्या चुका अशा नसतात. त्या काही मिनिटे एकाच बाजूला टिकून राहतात, आणि ३०० सेकंदांच्या लूपला टिकून राहिलेली चूक खरीच वाटते. हाच कालस्थिरांक २०,००० सेकंद केला की त्याच १० नॅनोसेकंदांना लूपचे उत्तर फक्त एका भागाचे असते.

मात्र वरील आकडे साधारण प्रमाणासाठी आहेत आणि तुमचे प्रमाण कसे आहे हे तुम्हालाच मोजावे लागेल. डॅक गोठवा, प्रमाण किमान आठवडाभर न हलवता चालू ठेवा आणि दर सेकंदाचा फेज-फरक नोंदवत राहा. वीज बंद करून पुन्हा सुरू केल्यावर रुबिडियमचा लॉक पाच-दहा मिनिटांत येत असला तरी त्याची वारंवारता स्थिरावायला काही दिवस लागतात, त्यामुळे पहिल्या दोन-तीन दिवसांच्या नोंदी हिशेबात धरू नका. उरलेल्या फेजमधून सरळ रेषा वजा केली की परवलयासारखा बाक शिल्लक राहतो आणि त्या बाकावरून रोजचा ड्रिफ्ट मिळतो.

ड्रिफ्टबद्दल तुमच्या मनात असलेली शंका एका अर्थाने खरी आहे. बेरीज करणारा भाग असलेला लूप वारंवारतेतील स्थिर चूक पूर्ण काढतो, पण वारंवारता सतत सरकत असेल तर फेजमध्ये एक कायमचे अंतर राहून जाते, आणि हे अंतर ड्रिफ्ट गुणिले कालस्थिरांकाचा वर्ग इतके असते. दिवसाला १.७ भाग आणि २०,००० सेकंद घेतले तर ते सुमारे ८ नॅनोसेकंद भरते. कालस्थिरांक ६५,००० सेकंदांच्या घरात नेला तर ८० नॅनोसेकंदांच्या वर जाते. तुम्हाला अचूक वारंवारता हवी असेल तर या अंतराने काहीच बिघडत नाही, कारण ते स्थिर आहे. अचूक वेळ हवी असेल तर मोजलेला ड्रिफ्ट आधीच दुरुस्तीत मिळवून टाकावा, म्हणजे लूपला फक्त उरलेले काम करावे लागते.

मोठा कालस्थिरांक सुरुवातीपासून लावू नका, नाहीतर स्थिरावण्यासाठी आठवडा वाट पाहावी लागेल. आधी फेज जवळ आणून ठेवावी, मग ५०० सेकंद, मग ४,०००, मग २०,००० असे टप्प्याटप्प्याने जावे. प्रत्येक टप्प्यावर गुणांक बदलताना बेरीज करणाऱ्या भागातील मूल्य असे जुळवून घ्यावे की डॅकचे आउटपुट त्या क्षणी जरासुद्धा उडी घेणार नाही. ही जुळवणी केली नाही तर प्रत्येक बदलाला लूपला एक धक्का बसतो आणि तो जिरायला नव्या कालस्थिरांकाच्या कित्येक पट वेळ लागतो.

उत्तर : शून्यबिंदू

दीर्घतरंग यांनी सांगितलेला कालस्थिरांक मला मान्य आहे. मी फक्त पल्सच्या बाजूबद्दल लिहिते, कारण तेथील चुका कमी केल्या तर छेदबिंदूच अलीकडे सरकतो आणि लूपला तापमान व ड्रिफ्ट यांच्यावर अधिक पकड मिळते.

रिसीव्हरला पल्स हवा त्या क्षणी देता येत नाही. तो त्याच्या आतील घड्याळाच्या जवळच्या ठोक्यावरच देता येतो. तुमच्या रिसीव्हरमध्ये हे ठोके सुमारे २१ नॅनोसेकंदांच्या अंतराने पडतात, त्यामुळे प्रत्येक पल्स खऱ्या क्षणापासून अधिक-उणे १०.५ नॅनोसेकंदांपर्यंत पुढेमागे असतो. आतील क्रिस्टल किंचित चुकीच्या वेगाने चालत असल्याने ही चूक करवतीच्या दातांसारखी चढत आणि एकदम कोसळत राहते. दात बारीक आणि घाईने येत असतील तर सरासरीने ते पुसले जातात. पण क्रिस्टलची वारंवारता अशा एखाद्या मूल्याजवळ आली की ठोके आणि सेकंद जवळजवळ एकमेकांबरोबर चालू लागतात, मग ही चूक कित्येक मिनिटे एकाच टोकाला अडकून राहते. आलेखावर दातांच्या मधोमध झुलत्या पुलासारखा आकार दिसतो. तुमचे पाच-दहा मिनिटांचे हेलकावे बव्हंशी या पुलांचे आहेत असा माझा अंदाज आहे.

यावरचा उपाय रिसीव्हरच देतो. प्रत्येक पल्सच्या आधी टीआयएम-टीपी या संदेशातून तो येणाऱ्या पल्समध्ये किती पिकोसेकंदांची चूक असेल हे कळवतो. ही संख्या मोजलेल्या अंतरातून वजा करायची असते. येथे दोन जागी गफलत होते: संदेश पुढच्या पल्सचा असतो, पण तो चुकून मागच्या पल्सला लावला जातो; आणि चिन्ह उलटे घेतले जाते. दोन्ही बरोबर आहेत की नाही हे तपासणे सोपे आहे. दुरुस्ती बरोबर असेल तर फेजच्या आलेखाची रुंदी स्पष्टपणे कमी होते. चिन्ह उलटे असेल तर ती वाढून दुपटीकडे जाते. तुमची टीडीसी७२०० चिप सुमारे ५५ पिकोसेकंदांपर्यंत मोजू शकते, म्हणजे मोजमापाची बाजू भक्कम आहे आणि ही दुरुस्ती न वापरणे म्हणजे ती क्षमता वाया घालवणे होय.

अँटेनाची जागा रिसीव्हरमध्ये पक्की करून त्याला स्थिर-स्थान स्थितीत चालवत आहात ना, हेही पाहा. स्थान माहीत असले की रिसीव्हरला दर सेकंदाला चार अज्ञाते सोडवावी लागत नाहीत; फक्त वेळ काढावी लागते आणि ती एका उपग्रहावरूनही निघते. स्थान ठरवण्यासाठी घाई न करता किमान एक दिवसाची सरासरी घ्यावी. एका मीटरच्या चुकीमागे ३.३ नॅनोसेकंद जातात आणि ही चूक स्थिर न राहता आकाशातील उपग्रहांच्या मांडणीनुसार बदलत राहते. अँटेनाभोवती भिंती किंवा पत्रे असतील तर परावर्तित लहरींची चूक येते, आणि तिची एक ओळखण्याजोगी खूण आहे. जीपीएसचे उपग्रह नाक्षत्र दिवसात, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेल्या दिवसात, पृथ्वीभोवती दोन फेऱ्या करतात, त्यामुळे तीच मांडणी रोज चार मिनिटे आधी परत येते. आजचा आणि कालचा आलेख चार मिनिटांच्या फरकाने एकावर एक ठेवून तेच चढउतार जुळले, तर दोष अँटेनाच्या परिसरात आहे हे नक्की समजावे.

आयनोस्फिअरचे मात्र एका फ्रिक्वेन्सीच्या रिसीव्हरने पूर्ण निराकरण होत नाही. उपग्रहाने प्रसारित केलेले क्लोबुशर प्रतिमान हा विलंब साधारण निम्म्याने कमी करते आणि उरलेला विलंब दुपारी वाढतो, रात्री ओसरतो. चुंबकीय विषुववृत्ताजवळच्या प्रदेशांत तो जास्त असतो. उरलेली ही लाट १० नॅनोसेकंदांच्या उंचीची धरली तर २०,००० सेकंदांचा लूप तिला जवळजवळ तशीच पुढे जाऊ देतो, कारण चोवीस तासांची लाट त्याच्या दृष्टीने अजून हळूच आहे. तरीही तिच्यामुळे वारंवारता जास्तीत जास्त ०.७ भागांनीच हलते, आणि एवढ्यासाठी कालस्थिरांक आणखी वाढवावा असे मला वाटत नाही. ज्यांना तेही नको असेल त्यांनी दोन फ्रिक्वेन्सींवर चालणारा रिसीव्हर घ्यावा. दोन फ्रिक्वेन्सींना होणारा विलंब वेगवेगळा असल्याने तो मोजूनच काढून टाकता येतो.

शेवटची गोष्ट म्हणजे खोट्या पल्सपासून संरक्षण. २६ जानेवारी २०१६ रोजी एक जुना उपग्रह सेवेतून काढताना जीपीएसच्या काही उपग्रहांवरून यूटीसीशी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेशी, असलेल्या फरकाची चुकीची माहिती प्रसारित झाली आणि ज्या रिसीव्हरांचा पल्स यूटीसीला बांधलेला होता त्यांतील अनेकांची वेळ सुमारे १३ मायक्रोसेकंदांनी सरकली. जीपीएसची स्वतःची वेळ मात्र तेव्हा बिघडलेली नव्हती. केवळ वारंवारता हवी असेल तर पल्स यूटीसीऐवजी जीपीएसच्या वेळेला बांधून ठेवावा हे बरे. त्याशिवाय अपेक्षित जागेपासून ५० नॅनोसेकंदांहून दूर पडलेला पल्स लूपला देऊच नये, आणि असे पल्स सलग येत राहिले तर डॅक गोठवून सूचना द्यावी. रुबिडियमसारखे घड्याळ हाती असताना एका सेकंदात १३ मायक्रोसेकंदांची उडी खरी असूच शकत नाही, हे आपल्या प्रोग्रामला कळले पाहिजे.

उत्तर : मंदगती

तापमानाच्या प्रश्नाला अजून नीट उत्तर मिळालेले नाही, म्हणून लिहितो. २०,००० सेकंदांच्या लूपकडून दिवस-रात्रीच्या तापमानबदलाची दुरुस्ती होईल अशी अपेक्षा ठेवू नये. हिशेब केला तर चोवीस तासांच्या लयीने येणाऱ्या बदलापैकी सुमारे दोन-तृतीयांश तसाच आउटपुटमध्ये राहतो. म्हणून तापमान लूपने सावरण्याऐवजी मुळातच हलू न देणे हा मार्ग आहे. प्रमाणाचा तळ जाड ॲल्युमिनियमच्या पट्टीवर घट्ट बसवावा, पट्टीवर तापमापक ठेवावा आणि पंख्याचा वेग त्यानुसार बदलून तळाचे तापमान अंशाच्या दहाव्या हिश्शात धरून ठेवावे. पंखा आणि ट्रान्सफॉर्मर मात्र प्रमाणापासून लांब असावेत. कोषाभोवती चुंबकीय कवच असते, तरी ते बाहेरचे क्षेत्र पूर्ण अडवत नाही आणि याच प्रमाणाची वारंवारता आपण चुंबकीय क्षेत्रानेच बदलत असतो.

रुबिडियमला ड्रिफ्ट का असतो, हे समजले तर त्याच्याकडून काय मागावे हेही कळते. सेकंदाची व्याख्या सीझियम-१३३ च्या ९,१९,२६,३१,७७० आवर्तनांवर आहे. रुबिडियम-८७ चे संबंधित संक्रमण ६,८३,४६,८२,६१० हर्ट्झच्या जवळ आहे, पण आपल्या छोट्या कोषातले अणू मोकळे नसतात. ते भिंतींवर आदळू नयेत म्हणून कोषात दुसरा वायू भरलेला असतो आणि त्याच्याशी होणाऱ्या टकरींमुळे वारंवारता काही हजार हर्ट्झपर्यंतही सरकलेली असते. कालांतराने काचेतून हेलियम आत झिरपतो, दिव्याचा प्रकाश बदलतो आणि ही सरक हळूहळू वेगळी होत जाते. त्यामुळे रुबिडियम हे स्वतःच्या बळावर प्रमाण ठरत नाही. त्याला कोणाशी तरी ताडून पाहावेच लागते, पण वारंवार पाहण्याची गरज नसते.

आता सी-फील्ड. चुंबकीय क्षेत्रामुळे होणारी सरक क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे व्होल्ट आणि वारंवारता यांचे नाते सरळ रेषेचे नाही. १ व्होल्टजवळ मिळणारा उतार आणि ४ व्होल्टजवळचा उतार यांत मोठा फरक असू शकतो. आपण ज्या मूल्याजवळ काम करतो तेथे दोन बाजूंना थोडे सरकून, उदाहरणार्थ २.३ आणि २.७ व्होल्टवर, प्रत्येकी एक दिवस वारंवारता मोजावी आणि त्यावरून उतार काढावा. लूपचे सगळे गुणांक या उतारावर अवलंबून असल्याने तो अंदाजाने धरणे म्हणजे कालस्थिरांकच अंदाजाने धरणे होय.

डॅकबद्दल मला विशेष चिंता वाटत नाही. ५ व्होल्टमध्ये समजा ३,००० भागांचा पल्ला मिळत असेल तर १६ बिटांची एक पायरी ०.०५ भागांहून लहान येते. संदर्भ व्होल्टेज अंशामागे दहा लाखात १० भागांनी बदलत असले तरी मध्यावर त्याचा परिणाम ०.०१५ भागांइतकाच होतो. खरी अडचण जमिनीच्या तारेची आहे. त्याच हिशेबाने सी-फील्डच्या टोकाशी १ मिलिव्होल्टचा फरक पडला तर वारंवारता ०.६ भागांनी हलते. प्रमाणाला लागणारा प्रवाह अर्धा अँपिअर धरला तर दोन मिलिओहमच्या तारेत नेमका १ मिलिव्होल्ट पडतो आणि हीटरचा प्रवाह तापमानाबरोबर बदलत असल्याने तोही बदलत राहतो. डॅकची जमीन विजेच्या परतीच्या तारेला न जोडता प्रमाणाच्या कनेक्टरवरील पिनपाशी वेगळ्या तारेने न्यावी. माझ्या यंत्रात तापमानाचा म्हणून समजलेला परिणाम या एका तारेने निम्म्याहून कमी झाला होता.

आणखी एक विचार मांडतो, मतभेद होईल याची जाणीव ठेवून. तुम्हाला काउंटर आणि सिग्नल जनरेटर तपासण्यापुरतीच वारंवारता हवी असेल, तर लूप मुळीच न लावणे हाही चांगला पर्याय आहे. रुबिडियम मोकळे चालू द्यावे, जीपीएसशी असलेला फेज-फरक सतत नोंदवावा आणि आठवड्यातून एकदा डॅकची संख्या हाताने बदलावी. दिवसाला १.७ भागांच्या ड्रिफ्टने आठवड्यात १२ भाग जमतात, आणि त्या क्षणी नेमकी किती चूक आहे हे नोंदीवरून माहीत असल्याने ती मोजणीतून वजाही करता येते. न छेडलेल्या घड्याळाची नोंद नंतर कितीही वेळा नव्याने तपासता येते. लूपने हलवलेल्या घड्याळात त्याचे स्वतःचे वागणे आणि आपली ढवळाढवळ वेगळी करणे कठीण जाते.

घटिका

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी परत लिहीत आहे, कारण मोजल्याशिवाय लिहिण्यात अर्थ नव्हता.

डॅक गोठवून प्रमाण बारा दिवस चालू ठेवले आणि पहिले तीन दिवस वगळले. ड्रिफ्ट दिवसाला १.१ भाग निघाला. त्यावर दिवस-रात्रीची ४ भागांची लाट होती. जमिनीची तार वेगळी केल्यावर आणि पंख्याचे नियंत्रण लावल्यावर ती अर्ध्या भागाच्या आत आली. टीआयएम-टीपी संदेश मी खरोखरच मागच्या पल्सला लावत होतो. तो योग्य पल्सला लावल्याबरोबर फेजच्या आलेखाची रुंदी एक-तृतीयांशावर आली आणि झुलते पूल नाहीसे झाले. सी-फील्डचा उतार मी धरला होता त्यापेक्षा दीडपट निघाला, म्हणजे माझे ३०० सेकंद प्रत्यक्षात त्याहूनही कमी होते.

सध्या कालस्थिरांक २०,००० सेकंद आहे आणि ड्रिफ्ट आधीच दुरुस्तीत मिळवला आहे. दुसऱ्या प्रमाणाशी तुलना करताना शंभर सेकंदांच्या सरासरीत आता लूप चालू आहे की गोठवलेला आहे हे आलेखावरून ओळखता येत नाही. लूपमधील फेज मात्र दिवसभरात अधिक-उणे २५ नॅनोसेकंदांपर्यंत फिरते. पूर्वी हे पाहून मी लूप घट्ट केला असता.

एक प्रश्न उरतो. पावसाळी वाऱ्यात अँटेनाची तार सुटून जीपीएस काही तास बंद राहिले, तर परत आल्यावर लूपने काय करावे?

उत्तर : दीर्घतरंग

फारच चांगले काम केलेत. दिवस-रात्रीची लाट मुळातच दाबल्यामुळे लूपवरचा भार किती कमी झाला हे तुमच्या आकड्यांतून स्पष्ट दिसते.

जीपीएस गेल्याबरोबर बेरीज करणारा भाग गोठवा, समानुपाती भाग शून्य करा आणि मोजलेला ड्रिफ्ट मात्र डॅकला देत राहा. समानुपाती भाग तसाच ठेवला तर त्या क्षणीची फेज-चूक वारंवारतेत अडकून बसते. एका भागाची वारंवारता-चूक राहिली तर दिवसाला ८६ नॅनोसेकंद जमतात. ड्रिफ्टची दुरुस्ती न दिल्यास तुमच्या १.१ भागांच्या हिशेबाने पहिल्या दिवसात आणखी सुमारे ४८ नॅनोसेकंदांची भर पडते आणि पुढे ती काळाच्या वर्गाने वाढत जाते.

जीपीएस परत आल्यावर पहिली काही मिनिटे पल्सवर विश्वास ठेवू नका. रिसीव्हर स्थिर-स्थान स्थितीत आहे आणि पुरेसे उपग्रह दिसत आहेत याची खात्री झाल्यावर दहा मिनिटांची सरासरी घ्या. फेज ५० नॅनोसेकंदांच्या आत असेल तर लूप तसाच पुढे चालू द्यावा. त्याहून दूर असेल, तर शून्यबिंदू यांनी सुचवलेली मर्यादा प्रत्येक पल्स नाकारत राहील आणि लूप पुन्हा कधीच जोडला जाणार नाही, हे ध्यानात ठेवा. अशा वेळी वारंवारता हीच गरज असेल तर फेज ओढून आणण्याची आवश्यकता नाही. एक कोटीने भागणारा काउंटर नव्या पल्सशी पुन्हा जुळवा, त्यानंतर उरलेला १०० नॅनोसेकंदांच्या आतला फरक प्रोग्राममध्ये नवा शून्य म्हणून नोंदवा आणि बेरीज करणाऱ्या भागाला हात न लावता तेथून पुढे चालू द्या.